पट्ट्याचा स्वेटर आणि कोपीतली थंडी

दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार तालुक्यातल्या गावांत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, पीठमीठ, कोयते आणि लेकरेबाळे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांवर जातात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुले. गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, जाणाऱ्यांचे घर म्हणजे उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. हंगामाचे पहिले तीन महिने नेमके थंडीचे असतात. तरी सोबतच्या गाठोड्यात अंगभर उबदार कपडा क्वचितच दिसतो.

थंडी हा आपल्याकडे आजार मानला जात नाही. उष्माघाताची आकडेवारी निघते, बातम्या येतात, सरकारी दवाखान्यांत वेगळे कक्ष उघडतात. मराठवाड्यात हिमवर्षाव होत नाही, त्यामुळे इथल्या थंडीने कुणाला काय होणार, असा सर्वांचा समज असतो. या समजाची किंमत अशक्त बाळंतीण आणि तिचे नवजात बाळ मोजते. त्यावरचे एक उत्तर अगदी साधे आहे: हाताने विणलेला, पुढून उघडणारा, कमरेला पट्टा असलेला लोकरी कार्डिगन. शहरात तो सध्या जुन्या काळची फॅशन म्हणून परत आला आहे. त्याची खरी गरज मात्र फडावर आहे.

कार्डिगनचे नाव एका लष्करी अधिकाऱ्यावरून पडले. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश घोडदळाने केलेली चढाई प्रसिद्ध आहे. तिचे नेतृत्व करणारे जेम्स ब्रुडनेल हे कार्डिगनचे सातवे अर्ल. त्या मोहिमेत ब्रिटिश अधिकारी लोकरीची विणलेली बंडी घालत, तिला पुढे या अर्लचे नाव चिकटले. आपण जिला माकडटोपी म्हणतो, तिला इंग्रजीत त्याच बालाक्लाव्हा गावाचे नाव आहे. म्हणजे ही दोन्ही वस्त्रे थंडीत उघड्यावर राहणाऱ्या माणसांची. १९७० च्या दशकात 'स्टार्स्की अँड हच' या अमेरिकी मालिकेतल्या पोलिसाने पट्ट्याचा जाड कार्डिगन लोकप्रिय केला. त्या काळात आपल्याकडेही मध्यमवर्गीय घरांतून दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिसत असे, स्त्रियांच्या मासिकांत विणकामाचे नमुने छापून येत. तयार स्वेटर स्वस्त झाले आणि सुया ट्रंकेत गेल्या.

लोकर ऊब निर्माण करत नाही, शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. लोकरीचा तंतू सरळ नसतो, त्याला नैसर्गिक कुरळेपणा असतो. त्यामुळे तंतूंमध्ये हवेचे असंख्य छोटे कप्पे तयार होतात. स्थिर हवा उष्णतेची वाईट वाहक आहे, आणि खरी रजई ती हवाच असते. पाणी मात्र हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. पहाटे उसाच्या पात्यांवरचे दव अंगावर झडते, सुती साडी-पोलके ओले होते आणि शरीराची ऊब झपाट्याने निघून जाते. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के बाष्प पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. हा तिचा गुण कापसाकडे नाही, आणि बाजारात 'लोकर' म्हणून मिळणाऱ्या अॅक्रिलिककडेही नाही.

या गुणाला मर्यादाही आहे. हाताने विणलेल्या कापडातून वारा आरपार जातो. फडावरच्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो पाने कापू नयेत म्हणून. विणलेला स्वेटर आत आणि हा शर्ट बाहेर, असा क्रम ठेवला तर आतली हवा स्थिर राहते आणि वारा बाहेरच अडतो. स्वेटर सर्वांत वर घातला, तर त्याची निम्मी ऊब वाऱ्यावर जाते. शिवाय ऊस तोडताना आणि मोळी वाहताना शरीर स्वतःच भरपूर उष्णता तयार करते. त्या वेळी स्वेटर अंगात राहिला तर घाम येतो आणि काम थांबताच तोच घाम गारठवतो. म्हणून डोक्यातून घालायच्या बंद गळ्याच्या स्वेटरपेक्षा पुढून उघडणारा बरा: गाडीच्या प्रवासात गच्च आवळावा, काम सुरू झाले की सैल करावा, नंतर काढून बांधावर ठेवावा. पट्टा मात्र कोयता चालवताना किंवा गाडीवर चढताना लोंबकळता ठेवू नये. तो काढता येईल असाच असावा, त्यासाठी बाजूला नुसते दोन फासे पुरतात.

थंडीचा सर्वांत मोठा धोका नवजात बाळाला असतो. मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि स्नायूंच्या त्या हालचालीतून उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्याकडे मानेभोवती आणि पाठीत असलेली तपकिरी चरबी तेवढी असते, ती जाळून ते ऊब मिळवते. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाकडे ती चरबीही अपुरी असते. त्यातच बाळाचे डोके म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा जवळजवळ पाचवा भाग. ते उघडे राहिले की उष्णता तिथून निसटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ते ३६ च्या खाली गेले की बाळ सुस्त होते, अंगावर ओढत नाही, रक्तातली साखर घसरते. साखर घसरली की ऊब आणखी कमी होते. या दुष्टचक्रात बाळ रडतही नाही, आणि 'शांत बाळ आहे' म्हणून घरचे समाधान मानतात.

नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात २३ हजारांहून अधिक नवजात बालकांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तपासणीत काखेतले तापमान दर एक अंशाने कमी आढळले की मृत्यूचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी वाढलेला दिसला. सर्लाही हा काही बर्फाळ डोंगरावरचा जिल्हा नव्हे, बिहारला लागून असलेली ती तराई आहे. बाळ गारठण्यासाठी हिमालय लागत नाही. ओले अंग, उघडे डोके आणि वारा येणारी झोपडी पुरेशी असते.

आपल्याच राज्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' संस्थेमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बायका घरी जाऊन बाळ तपासत, ऊब टिकवायला शिकवत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे यश एकट्या उबेचे नव्हते, पण ऊब त्या सेवेचा पाया होती. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. अडचण अशी, की बाईचे नाव शिरूर तालुक्यातल्या गावाच्या यादीत असते आणि बाळ जन्मते शेकडो किलोमीटर दूर, एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरात. तिथल्या आशाताईच्या यादीत ती नसते. ज्या काळात बाळाला घरभेटीची सर्वाधिक गरज, त्याच काळात ते कोणत्याच गावचे नसते.

अशा ठिकाणी आईचे शरीर हेच बाळाचे पहिले ऊबघर. आई आणि बाळ यांची त्वचा त्वचेला लागून राहावी, या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस काचपेट्या कमी पडल्या म्हणून ती सुरू झाली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १ किलो ते १.८ किलोपेक्षा किंचित कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के राहिले. बाळ स्थिर झाल्यावर ही सेवा सुरू केलेल्या गटात ते १५.७ टक्के होते.

इथे पट्ट्याच्या कार्डिगनची रचना कामाला येते. बाळ उघड्या छातीशी, मऊ सुती कापडाने नीट बांधलेले. त्याच्या डोक्यावर टोपी, पायात मोजे, खाली लंगोट. या सगळ्यावरून आईचा कार्डिगन. त्याचे दोन्ही पुढचे भाग एकमेकांवर भरपूर येतील एवढे रुंद असतात, त्यामुळे आई आणि बाळ एकाच आवरणात राहतात आणि पट्टा ते आवरण उघडू देत नाही. बाळाला पाजायचे तर एक बाजू सारली की झाले, आईची पाठ उघडी पडत नाही. गुंड्यांचा स्वेटर छातीवर ताणला जातो, बंद गळ्याचा वर गुंडाळावा लागतो आणि कंबर गारठते. एक सावधगिरी अटळ आहे: विणलेले कापड ताणते, म्हणून बाळाचे वजन कधीही कार्डिगनवर किंवा पट्ट्यावर टाकू नये. वजन सुती कापडाच्या बांधणीने पेलायचे. बाळाचे तोंड आणि नाक मोकळे, मान किंचित वर आणि चेहरा आईला दिसेल असाच हवा.

याला पर्याय म्हणून कोपीत काय होते? शेकोटी आणि शेगडी. बाळ-बाळंतिणीला शेक देण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यामागची माया खरी आहे. पण पाचटाच्या कोपीत विस्तव म्हणजे आगीला आमंत्रण, आणि बंद कोपीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. नुसत्या धुरानेही लहान मुलांना श्वसनाचे आजार जडतात. अंगावरची ऊब वाढली की विस्तवाची गरज कमी होते. स्वेटरचा हा फायदा सहसा कुणी मोजत नाही.

विस्तवाचा विषय निघाला की अॅक्रिलिकचाही निघतो. आठवडी बाजारात 'लोकर' म्हणून मिळणाऱ्या लडीत पुष्कळदा मेंढीचा एक तंतूही नसतो. अॅक्रिलिक स्वस्त असते, मऊ असते, धुवायला सोपे असते, आणि नुसत्या थंडीसाठी वाईट नाही. पण ते पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. खरी लोकर सहसा चटकन पेट घेत नाही, जळली तरी कोळपते. चुलीपुढे बसणाऱ्या बाईसाठी हा फरक मोठा आहे. ओळखायचे सोपे आहे: धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून जाळावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरडली गेली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. मिश्र धागा घेतला तरी चालेल, पण घेताना आपण काय घेतो आहोत ते माहीत असावे.

'लोकर टोचते, तिची अॅलर्जी येते,' ही तक्रार नेहमीची. त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात लोकरीची खरी अॅलर्जी असल्याचा भक्कम पुरावा सापडला नाही. खाज येते ती जाड तंतूंमुळे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू वाकत नाही, त्याचे टोक कातडीला टोचते. मेरिनो मेंढीचा तंतू त्याहून बारीक असतो, आपल्या दख्खनी मेंढीचा जाड. म्हणून दख्खनी लोकरीचे घोंगडे होते, बाळाचे झबले होत नाही. धनगरांनी वर्षातून दोनदा कातरलेली लोकर, सणगरांचा माग आणि ताण्याला चिंचोक्याची खळ, ही महाराष्ट्राची मोठी परंपरा आहे. आज त्या लोकरीला भाव नाही. घोंगडे अंथरायला आणि वरून पांघरायला उत्तमच आहे, कार्डिगनसाठी मात्र मऊ लोकर किंवा आतून सुती पोलके हवे. लहान बाळाला तर लोकरीखाली सुती झबले असलेच पाहिजे.

आता प्रत्यक्ष विणकामाचा हिशेब. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या, तर चार इंचांत साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसतात. छातीचा घेर ३६ इंच असेल तर सैलपणासाठी ४ इंच वाढवून ४० धरावे. पाठीला ११० टाके लागतात. पुढचा प्रत्येक भाग पाठीच्या निम्म्यापेक्षा तीन इंच तरी जास्त रुंद ठेवावा, म्हणजे सुमारे ७२ टाके. दोन भाग एकमेकांवर येतात ते या जादा टाक्यांमुळे. कडा सगळ्या सुलट टाक्यांच्या ठेवल्या की वळत नाहीत. पट्टा दहा टाक्यांचा आणि ६० इंच लांब: एका ओळीत एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीत सुलटावर उलट आणि उलटावर सुलट. अशा विणीचा पट्टा सपाट राहतो, दोरीसारखा गुंडाळत नाही. सगळे मिळून साधारण ६० हजार टाके होतात. सराईत हात मिनिटाला २० ते २५ टाके घालतो, म्हणजे ४० ते ५० तासांचे काम. रोज दोन तास विणले तर तीन-साडेतीन आठवडे. लोकर अर्धा किलो किंवा थोडी जास्त. बाळाची टोपी मात्र २५-३० ग्रॅममध्ये दोन-तीन संध्याकाळींत होते.

एवढा खटाटोप कशाला, तयार स्वेटर विकत घ्यावा, असे कुणी म्हणेल. उबेपुरते बोलायचे तर तयार स्वेटर अजिबात कमी नाही. ज्याला तो मिळतो त्याने तो जरूर घालावा. पण बाजारात मिळतो तो बाळंतिणीच्या गरजेचा नसतो. पुढून रुंद, पट्ट्याचा, लांब पाठीचा हवा असेल तर तो मापाने करवून घ्यावा लागतो. हाताने विणलेला स्वेटर फाटला तर तेवढाच उसवून पुन्हा विणता येतो. बाळ मोठे झाले की आईच्या कार्डिगनमधून मुलाचा स्वेटर निघतो. शिवाय ते ४०-५० तास कुणाचे, हा प्रश्न आहेच.

हे तास ऊसतोड करणाऱ्या बाईचे नक्कीच नाहीत. विणकामाने मन शांत होते, असे अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांनी तसे सांगितलेही आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०११ च्या अभ्यासात, विणकाम-शिवणकामासारखे छंद असणाऱ्या सत्तरीपुढच्या लोकांत स्मृतिदोषाची सुरुवात कमी आढळली. ही नोंद आश्वासक आहे, पण छंदामुळे मेंदू शाबूत राहिला की मेंदू शाबूत असल्याने छंद टिकला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. आणि पहाटे उठून स्वयंपाक, मग दिवसभर फड, रात्री गाडी भरणे, असा दिवस असणाऱ्या बाईला 'मनःशांतीसाठी विण' असे सुचवणे ही थट्टा आहे. तिला आधी झोप हवी, स्वच्छतागृह हवे, लोहाच्या गोळ्या हव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्त कमी असलेल्या शरीराला ऊब राखणेही जड जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ज्यांची अंडाशयेही काढली गेली त्यांना अकाली रजोनिवृत्ती येते, मध्येच अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो आणि पाठोपाठ थंडी वाजते. त्यांनाही पटकन उघडता-मिटता येणारा कपडाच सोयीचा. पण स्वेटरने या बायकांवरच्या अन्यायाची भरपाई होत नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे.

विणण्याचे तास आहेत ते गावात मागे राहणाऱ्यांकडे. रायमोहा असो, खालापुरी असो की तिंतरवणी, हंगामात प्रत्येक गावात नातवंडे सांभाळणाऱ्या आज्या असतात. सुया त्यांच्यातल्या अनेकींनी धरलेल्या नसतील, पण वाकळ शिवणाऱ्या हातांना सुलट-उलट टाका शिकायला आठवडा पुरतो. बोटांची हालचाल राहते, चार जणी एकत्र बसतात आणि दोन पैसे मिळतात. पैसे मिळालेच पाहिजेत. ४०-५० तास म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने जवळजवळ सहा दिवसांची मजुरी. ती न देता 'समाजसेवा' म्हणून गरीब बाईकडून दुसऱ्या गरीब बाईसाठी फुकट विणून घेणे योग्य नाही. मोतीबिंदू असेल तर आधी डोळे तपासावेत. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखू लागले, बोटांना मुंग्या आल्या, तर थांबावे. एरवीही दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून हात मोकळे करावेत.

वेळापत्रकही जमणारे आहे. डिसेंबर-जानेवारीत बाळंत होणारी स्त्री ऑगस्टमध्ये चार-पाच महिन्यांची गरोदर असते. म्हणजे श्रावणातच आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या नोंदवहीत तिचे नाव आलेले असते. ती फडावर जाणार की नाही, हेही गावाला ठाऊक असते. बचत गटाने त्याच वेळी माप घेतले तर दसऱ्यापर्यंत कार्डिगन, बाळाच्या दोन टोप्या आणि मोजे तयार होतात. सरकारी रुग्णालयात पहिले बाळंतपण होणाऱ्या मातांसाठी राज्याने बेबी केअर किटची योजना आणली, त्यात बाळाचे कपडे, ब्लँकेट, थर्मामीटर अशा वस्तू ठरवल्या. ऊसतोड मजुरांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. मेंढी विकासासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या नावाचे महामंडळ पुण्यात आहे. लोकर एका खात्याची, माता दुसऱ्या खात्याची आणि मजूर तिसऱ्याचे, म्हणून हे भिजत घोंगडे किती दिवस ठेवायचे? फडावर जाणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या हाती बाळंतपणापूर्वी हे गाठोडे आणि सोबत तिच्या तपासण्यांचे कार्ड पडावे, मग ते पहिले बाळंतपण असो की तिसरे. जिथे ती जाणार तिथल्या आशाताईचा फोन नंबर त्या कार्डावर लिहिलेला असावा. लोकरीइतकाच तो नंबर महत्त्वाचा.

वापरताना काही पथ्ये आहेत. बाळाच्या कोणत्याही कपड्याला पट्टा, नाडी किंवा सैल गुंडी असू नये, ती गळ्यात अडकू शकते किंवा घशात जाऊ शकते. हातमोजे-पायमोजे घालण्यापूर्वी उलटे करून आतले सुटे धागे कापावेत. असा एखादा धागा बाळाच्या बोटाला आवळतो आणि बोट काळेनिळे होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. बाळाला जन्मल्याबरोबर आंघोळ घालू नये, किमान २४ तास थांबावे. बाळाचे पोट गरम पण तळपाय गार लागले तर ते गारठू लागले आहे. पोटही गार लागले आणि बाळ ओढत नसेल, तर त्याला छातीशी घेऊन तसेच दवाखाना गाठावा. उलट, पाठीला घाम दिसला तर कपडे जास्त झाले आहेत. बाळ थोडे मोठे झाले, ऊन पडले, की टोपी काढावी. चोवीस तास गुंडाळून ठेवणेही धोक्याचे आहे.

वस्तीवर खरूज पसरते तेव्हा स्वेटर एकमेकांचे घालू नयेत. लोकर उकळत्या पाण्यात घातली तर आटते, म्हणून खरजेच्या रुग्णाचा स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावा. माणसाच्या अंगावेगळे झाले की खरजेचे किडे काही दिवसांतच मरतात. एरवी कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा, पिळू नये, सपाट पसरून वाळवावा. टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो.

सहा दिवसांची मजुरी आणि अर्धा किलो लोकर, एवढ्यात एक आई आणि एक बाळ थंडीचे तीन महिने उबेत राहतात. गारठून अत्यवस्थ झालेल्या एका नवजात बाळाला अतिदक्षता कक्षात ठेवण्याचा खर्च याहून कितीतरी जास्त होतो, आणि तो करूनही प्रत्येक बाळ वाचत नाही. साखरेचा हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळी सुरू होतो. उबेचा बंदोबस्त त्याच्या आधी व्हावा. त्यासाठी श्रावणात सुईवर टाके घातले गेले पाहिजेत.